मिठाचं कोण सांगणार

भवानी पेठ, सोलापूर
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप अव्वा,
शरणु.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि गल्ली गोळा होईल एवढं ओरडून मनातलं सांगणं मला जमत नाही. कानाचं मशीन तुम्ही लावणार नाही. म्हणून हे पत्र. शिवानंदभावजी त्यांच्या दुकानाच्या मालासाठी आले आहेत, त्यांच्याच हाती देते. सासूला पत्र लिहिणारी सून आता गावात मीच एकटी असेन.

तुम्ही अक्कलकोटला भावजींकडे गेलात त्याला महिना होत आला. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेला तरी याल असं वाटलं होतं. नंदीध्वज निघाले त्या दिवशी मी ओसरीवर तुमचं नेसूचं वाळत घालून ठेवलं होतं. वेडेपणा, दुसरं काय. जाताना तुम्ही काही बोलला नाहीत. पिशवी भरली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भावजींच्या गाडीत बसलात. भांडला असतात तर बरं झालं असतं. मलाही चार शब्द ऐकवता आले असते.

तुम्ही का गेलात ते मला कळतं. तुमच्या नातीनं, काव्यानं, मोबाइलवर जाहिरात टाकली, ‘सोलापूरच्या घरात बसून सोलापूरचा स्वयंपाक शिका’, आणि परकी माणसं आपल्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार हे तुम्हाला सोसलं नाही. माझ्या लग्नानंतर तुम्ही मला जे नियम घातले ते सगळे मी पाळले. चूल पेटली की तोंड बंद. लिंगाला दाखवल्याशिवाय काही जिभेला लावायचं नाही. चव बघायची नाही, वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. बाहेरच्या माणसानं ओसरीपर्यंत यावं, पाणी प्यावं, जावं. इतकी वर्षं मी कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. आताही विचारत नाही.

पण अव्वा, दोन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून घर कसं झालं आहे ते तुम्ही पाहिलंत. काव्या पुण्याला. यांचं दुकान दुसऱ्याला चालवायला दिलेलं. मी आणि तुम्ही, दोन ताटं, आणि आवाज म्हणाल तर मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा. मला माणसं जेवायला हवी आहेत. पैशाचं म्हणाल तर तेही हवेत, खोटं कशाला बोलू. पण आधी माणसं.

आणि आता खरं कारण लिहिते, नाहीतर पान संपेल. मला भीती वाटते आहे. आपल्या घरी ताटं वाढली की पहिला घास ते घ्यायचे आणि म्हणायचे, ‘उप्पु सरी अद.’ मीठ बरोबर आहे. रोज. ताप असला तरी, दुकानात कटकट झाली असली तरी. ते एवढं बोलले की मगच मी पदराला हात पुसून बसायची. आपण चव घेऊन बघत नाही, तेव्हा मला माझ्या हाताबद्दल जे काही कळायचं ते त्या तीन शब्दांतून. दोन वर्षं झाली, मला कोणी मिठाचं सांगितलेलं नाही. तुम्ही जेवता, हात धुता, उठता. मला कशाचीच धड चव लागत नाही. सहा अनोळखी माणसांपुढे मी काय शिजवणार आहे तेच मला ठाऊक नाही.

म्हणून एकच विचारते. माझ्या हाताला अजून चव आहे का? ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच भावजींकडे सांगून पाठवा.

जाता जाता एक. लोणच्याची बरणी तुम्ही गेल्यापासून तशीच भरलेली आहे. तुम्ही असताना दर थोड्या दिवसांनी भरावी लागायची. पाठवून देऊ का?

तुमची,
लक्ष्मी


२४ जानेवारी

अव्वा, शरणु.

भावजी आले आणि म्हणाले, ‘अव्वा बरी आहे. पत्र वाचलं. काही बोलली नाही.’ मी म्हटलं, मग नवीन काय सांगितलंत? ते हसले आणि चहा पिऊन गेले. तुमच्या घराण्यात बोलायचं सगळं काम माझ्या नवऱ्यालाच दिलेलं होतं की काय, देव जाणे.

तर तुम्ही बोलू नका, मी लिहिते.

तालीम चालू आहे. काव्यानं सांगितलं, आई, भाकरी करताना बोलत बोलत दाखव, मी व्हिडिओ बघून सांगते. मी मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि कडक भाकरी केली. संध्याकाळी तिचा फोन. ‘आई, अख्ख्या व्हिडिओत तू तोंड मिटून आहेस! एकदा तर तुला ठसका आला, तोही तू गिळलास.’ मला कळलंसुद्धा नव्हतं. परातीसमोर बसले की ओठ आपोआप मिटतात. ही सवय तुमची देणगी.

मग मी फ्रिजशी बोलायला शिकते आहे. ‘नमस्कार, मी धनलक्ष्मी. आज आपण भरल्या वांग्यांची एण्णगाई, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी करणार आहोत.’ फ्रिज गुरगुरतो. शेजारच्या सुंदरम्मांनी खिडकीतून विचारलं, ‘कुनाशी बोलताव ओ?’ मी म्हटलं, अव्वांशी. त्यांनी खिडकी लावून घेतली. त्यांना वाटलं असणार, ही आता कामातून गेली.

काव्याला प्रत्येक गोष्टीचं माप हवं आहे. शेंगांचा कूट किती, कारळ किती, चिंच किती. मी वाटीनं मोजून मोजून दिलं. मिठापाशी अडले. ती म्हणाली, ‘चवीनुसार असं लिहिते.’ मी म्हटलं, कोणाच्या? तिनं ती जागा कोरीच सोडली. आपल्या घरात चव म्हणजे त्यांची चव. डॉक्टरांनी त्यांचं लोणचं-पापड बंद केलं, मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा मी रोज चिमटी चिमटी कमी करत गेले. एकदम केलं असतं तर त्यांनी ताट सारलं असतं. आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची, की आज म्हणतील, आज म्हणतील. पण नाही. रोज तेच, ‘उप्पु सरी अद.’ मला वाटायचं, काय माझी युक्ती! या माणसाला पत्ता लागू दिला नाही.

त्यांचा तो शेवटचा हिवाळा आठवला की अजून हात थांबतो.

तुमचा बसायचा पाट मी स्वयंपाकघराच्या दाराशीच ठेवला आहे. काव्या म्हणाली, लोकांना बसायला जागा होईल, उचल. मी नाही उचलला.

लक्ष्मी


३१ जानेवारी, शनिवार

अव्वा,

उद्या सकाळी माणसं येणार. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते. दुपारचं काम उरकलं आहे.

वांगी आणली. काटेरी, लहान, बियांशिवायची. शेंगा भाजून ठेवल्या. चटणी उखळातच कुटणार, मिक्सर लावणार नाही, एवढी तुमची लाज राखीन. भिंत पुसली. सतरंजी घातली, काढली, परत घातली. सहापैकी तीन बायका आहेत, एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं त्यातला नवरा नाही म्हणाला आणि बायकोबरोबर त्याची बहीण येते आहे, आणि एक गृहस्थ आहेत जोतिराम नावाचे, करमाळ्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले. पुरुष माणूस स्वयंपाक शिकायला कशाला येतो आहे, असं मी काव्याला विचारलं. ती म्हणाली, त्यांनी कारण लिहिलेलं नाही.

मिठाची बरणी तीनदा पुसून झाली.

मला माझी पहिली मकरसंक्रांत आठवते आहे. तुमच्या माहेरची सगळी माणसं आलेली, आणि तुम्ही मला भाकरीला बसवलंत. मी माहेरी मोठ्या भाकरी केल्या नव्हत्या अशातला भाग नाही, पण सगळ्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या आणि माझी पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरीही. कोणीतरी हसलं. तुम्ही उठून आलात. मला वाटलं, आता मला उठवणार. तुम्ही माझे दोन्ही हात मनगटापर्यंत ज्वारीच्या कोरड्या पिठात दाबलेत आणि वरून तुमचे हात ठेवलेत. बोलला काहीच नाहीत. पीठ गार होतं. जरा वेळानं तुम्ही हात काढलेत आणि जाऊन पाटावर बसलात. तिसरी भाकरी ताटाएवढी आली.

त्या दिवशी मला कळलं की तुम्ही गप्प असता तेव्हा रागावलेल्याच असता असं नाही. पण या वेळचं गप्प बसणं मला वाचता येत नाही. अव्वा, तुम्ही रागावलाच असाल तर तसं कळवा. मी हे सगळं एकदाच करीन आणि बंद करीन. तुम्हाला घराबाहेर काढून मला अन्नपूर्णा व्हायचं नाही.

आता पीठ चाळून ठेवते.

लक्ष्मी


२ फेब्रुवारी, सोमवार

अव्वा, शरणु.

काल झालं. सांगते, अगदी पहिल्यापासून.

माणसं आली. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले. उंबऱ्यापाशी मी त्यांना थांबवलं आणि विभूती दिली, कोणाला आवडो न आवडो. सगळ्यांनी लावली. मग मी चुलीपुढे बसले आणि ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं तर तोंड उघडेचना. फ्रिजला पाठ करून दाखवलेलं सगळं पुसून गेलं. एकीनं मोबाइल समोर धरलेला. मी नुसती बघत बसले. मग मी पिठाचा डबा ओढला आणि दोन्ही हात आत घातले. मनगटापर्यंत. किती वेळ तसे ठेवले ठाऊक नाही. कोणी हसलं नाही. मग म्हटलं, ‘आमच्या घरात शिजवताना बोलत नाहीत. माझ्या सासूबाईंचा नियम आहे. मला दुसरं येत नाही.’

ते जोतिराम म्हणाले, ‘मग बोलू नगा की बाई. तुमी करा, आमी बगतो.’

आणि अव्वा, त्यांनी खरंच बघितलं. मोबाइलवालीनं मोबाइल खाली ठेवला. भाकरी थापल्याचा आवाज, उखळातला आवाज, बस. तुम्ही पाटावर असता तेव्हा जसं असतं तसं. माझे हात आपोआप चालायला लागले. वांगी चिरली, भरली, तेलात सोडली. सगळं झाल्यावर लिंगाला दाखवलं आणि मग मात्र मी बोलत सुटले, तुम्हाला आवडलं नसतं इतकी. कारळ कुठून आणायचं, भाकरी निखाऱ्यापाशी उभी का करायची, सगळं.

ताटं वाढली. ‘मस्त!’ ‘काकू, अप्रतिम!’ ‘अस्सल!’ मी पदराला हात पुसले, पण बसवेना. कारण कोणी मिठाचं नाव घेत नव्हतं. सगळ्या वांग्याला चटणी लावून लावून खात होत्या. जोतिरामांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

‘बाई, राग मानू नगा. मसाला लई झ्याक हाय. पर वांगं अळणी हाय बगा.’

एक बाई म्हणाली, ‘अहो, हेल्दी असतं तसं.’ ते म्हणाले, ‘न्हाई. माझी बायको गेली मागल्या पावसाळ्यात. ती व्हती तवर मी कदी सांगितलं न्हाई, गुमान खाल्लं. आता वाटतं, सांगाय पायजे हुतं. बरं असलं तर बरं, न्हाई तर न्हाई. म्हनून बोललो.’

मी मिठाची बरणी आणून मधे ठेवली. उकळत्या पाण्यात मीठ विरघळवलं, वांग्यांवर सोडलं, झाकण ठेवून एक वाफ काढली. पुन्हा वाढलं. त्यांनी घास घेतला आणि म्हणाले, ‘आता बरोबर हाय.’

मी मोरीवर हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

सगळे गेल्यावर मी तुमच्या पाटाशेजारी जमिनीवर बसले आणि शनिवारची आमटी उरली होती ती पहिल्यांदा नीट चाखून बघितली. लिंगाला दाखवलेलीच होती, घाबरू नका. अळणी. काव्याला फोन केला. ती म्हणाली, ‘हो गं आई, कधीपासूनच असतं. मला वाटलं आजीच्या तब्येतीसाठी करतेस. मी चटणी घेऊन खाते.’ आणि मग मला तुमची लोणच्याची बरणी आठवली. दर थोड्या दिवसांनी रिकामी होणारी.

आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. ते गेले तेव्हा मी अभिमानानं सांगितलं होतं सगळ्यांना. आणि आपल्या घरात दोन वर्षं सुतकातल्यासारखं अळणी शिजतंय. आणि त्याच्याही आधीपासून. माझी युक्ती वगैरे काही नव्हती. त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि ते रोज माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलत होते. मी त्या खोट्यावर जेवायला बसत होते. अव्वा, मला काल त्यांचा इतका राग आला! आणि इतकी माया आली की ती कुठं ठेवू कळेना.

ते गेले. त्यांना विचारता येत नाही. तुम्हाला विचारते. तुम्हाला ठाऊक होतं का? असेल तर माझ्याशी का नाही बोललात? मी तुमची कोणी नव्हते का?

लक्ष्मी


अक्कलकोट
गुरुवार

लक्ष्मीस आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं वाचली. चौथीपर्यंतची शाळा हाय माझी, हळू वाचते. म्हनून उशीर. हात पण हळू चालतो, समजून घे.

मला ठाऊक हुतं.

पयल्या दिवशी अळणी लागलं तवा मी तोंड उघडलं हुतं. माझ्या ल्योकानं, मल्लूनं, ताटाआडून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आनि दाबला. मग ते रोजचं ‘उप्पु सरी अद’ म्हनला. तू हात धुवाय गेलीस तवा मला म्हनला, अव्वा, ती जीव टाकून कमी घालती माझ्यासाठी. कमी म्हनलं तर रडंल, न्हाईतर परत घालंल. तू बोलायचं न्हाई. मला शब्द दे. मी दिला. त्यानं माझा हात धरून घेतला शब्द. मग मी लोणचं वाढून घ्याय लागले.

पुढं तो गेला. शब्द घेनारा गेला, आता सोडवनार कोन? मी रोज तोंड उघडायची आनि गुडघ्यावर त्याचा हात लागायचा. खरं सांगते. तिसरा घास घशाखाली जायाचा न्हाई माझ्या, पर ते अळणी म्हनून न्हाई.

परके लोक सैपाकघरात येतात म्हनून मी गेले न्हाई, लक्ष्मी. चार मान्सं तुला तोंडावर अळणी म्हनतील, तुझी मान खाली जाईल, ते मला बघवलं नसतं. आनि आदी सांगावं तर सांगवत न्हवतं. म्हनून पळून आले. म्हातारीला दुसरं सुचलं न्हाई. राग कसला तुझ्यावर. तुझ्याबिगर मला हाय कोन दुसरं.

त्या करमाळ्याच्या मानसाला माझा शरणु सांग. त्यानं मला सोडवलं. त्याला परत बोलव, जेवाय.

तुझ्या हाताला चव हाय. पयल्यापासून हाय. कमी झालं ते मीठ, हात न्हाई.

शिवानंद सोमवारी सोडाय येतोय. पाट तितंच ठेव. वांगी कर. मीठ तुझ्या मनानं घाल, मल्लूच्या मापानं न्हाई. पयला घास मी घेते. जसं आसंल तसं सांगते.

गुरम्मा